मंडळाचे पैसे घानाला द्यायचे की यवतमाळला?

वाचकाचं पत्र : आम्ही इंग्लंडमधल्या एका मध्यम आकाराच्या शहरात राहतो. मी इथल्या मराठी मंडळाची खजिनदार आहे. यंदाच्या दिवाळी कार्यक्रमात फराळाच्या डब्यांची विक्री आणि दारातली देणगीपेटी मिळून 1,840 पौंड जमले. हे पैसे ‘गरीब देशांतल्या छोट्या शेतकऱ्यांना आणि कारागिरांना रास्त भाव मिळवून देणाऱ्या संस्थेला’ जातील, असं आम्ही स्टेजवरून सांगितलं होतं. आता कार्यकारिणीत रोज नवं मत निघतं. एक काका म्हणतात, संस्थेला कशाला, फेअर ट्रेडचं, म्हणजे पिकवणाऱ्याला रास्त भाव देऊन आणलेलं, चॉकलेट आणि चहा विकत घेऊन सभासदांना भेट देऊ. शेतकऱ्याचंही भलं, आपल्यालाही काही मिळेल. दुसरे म्हणतात, आफ्रिकेचं काय घेऊन बसलात, आमच्या यवतमाळकडचा कापूसवाला मरतोय. माझा मावसभाऊ तिथं असतो, त्याच्या खात्यावर पाठवू, तो वाटेल. माझी सोळा वर्षांची मुलगी शाळेत फेअर ट्रेडचा स्टॉल लावायची. तीच आता म्हणते, शेतमजुरांना यातून काही मिळत नाही, तसं संशोधन आहे. यजमानांच्या मते हे सगळं मार्केटिंग आहे, ट्रेडक्राफ्टसारखी फेअर ट्रेडची जुनी कंपनीसुद्धा बुडालीच ना. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मला ‘घानाची मावशी’ म्हणायला लागलेत. पैसे माझ्या ताब्यात आहेत आणि मला झोप लागत नाही. काय करू?
— एक खजिनदार

प्रिय खजिनदारताई,

तुमचं पत्र वाचून आधी बरं वाटलं. 1,840 पौंडांसाठी झोप न लागणारी खजिनदार ज्या मंडळाला मिळाली, त्या मंडळाचं नशीब चांगलं आहे. पण वाद जिथं अडकलाय, तिथून तो आधी सोडवू या. ‘घाना की यवतमाळ’ हा पहिला प्रश्न नाही. हे पैसे आता कुणाचे, हा पहिला प्रश्न आहे.

तुम्ही स्टेजवरून एक हेतू जाहीर केलात आणि त्या हेतूवर विश्वास ठेवून लोकांनी पेटीत पैसे टाकले, चकलीचा डबा घेतला. त्या क्षणापासून ही रक्कम मंडळाच्या इतर जमाखर्चापासून वेगळी झाली. जाहीर केलेल्या कामासाठी ती मंडळाकडं फक्त सांभाळायला आहे. इंग्लंडचा कायदाही असंच मानतो आणि आपल्याकडच्या कुठल्याही गावजत्रेच्या वर्गणीचा अलिखित नियमही हाच असतो. त्यामुळं काकांचा चॉकलेटचा प्रस्ताव इथंच संपतो. लोकांनी शेतकऱ्यासाठी दिलेल्या पैशांतून सभासदांच्या घरी खोकी गेली, तर ती देणगी राहत नाही. काकांना वाईट वाटायचं कारण नाही, त्यांची सूचना दुसऱ्या पैशांसाठी उत्तम आहे. त्याकडं मी येतेच.

मावसभावाचा प्रस्तावही इथंच थांबवा. ते गृहस्थ कितीही सज्जन असले तरी थांबवा. तुमचं मंडळ इंग्लंडमधलं, म्हणजे भारताच्या परदेशी देणगी कायद्याच्या, एफसीआरएच्या दृष्टीनं ते परदेशी देणगीदार. असे पैसे भारतात सामाजिक कामासाठी घ्यायचे तर घेणाऱ्या संस्थेकडं एफसीआरए नोंदणी किंवा त्या रकमेपुरती पूर्वपरवानगी लागते. नोंदणीकृत संस्थेनंही 2020 च्या दुरुस्तीनंतर ते स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच घ्यायचे असतात आणि पुढं दुसऱ्या संस्थेला देता येत नाहीत. एखाद्याच्या बचत खात्यावर पैसे टाकून ‘तू वाट’ म्हणणं म्हणजे त्या बिचाऱ्याला अडचणीत टाकणं आहे. शिवाय वाटलेल्या पैशांतून एका हंगामाचं बियाणं येईल. पुढच्या हंगामात खेडा खरेदीला आलेला व्यापारी तोच असेल, भावही तोच सांगेल.

फेअर ट्रेडचं सगळं काम या शेवटच्या वाक्याभोवती फिरतं. छोटा उत्पादक गरीब राहतो तो कमी राबतो म्हणून नाही. त्याच्याकडं थांबायची ताकद नसते, म्हणून. माल घरात ठेवायला जागा नाही, मुलीच्या फीला रोख हवी, भाव कुठं किती आहे ते कळत नाही आणि विकत घेणारा एकच. विदर्भातल्या, मराठवाड्यातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. मेक्सिकोतल्या ओअहाकाच्या कॉफीवाल्याचं आणि घानातल्या कोकोवाल्याचं दुखणं तेच आहे.

आता विकत घेणं आणि देणगी देणं यांतला फरक. तुमच्या कार्यकारिणीत हीच गल्लत झाली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

विकत घेण्याची बाजू अशी : मेक्सिकोच्या ओअहाका प्रांतातल्या कॉफी उत्पादकांची एक सहकारी संस्था, तिच्याबरोबर काम करणारे डच धर्मगुरू फ्रान्स व्हान डर हॉफ आणि नेदरलँड्समधली सॉलिडारिडाड ही संस्था यांच्या खटपटीतून 1988 मध्ये ‘माक्स हावेलार’ हे फेअर ट्रेडचं पहिलं लेबल निघालं. पुढं अशा राष्ट्रीय लेबलांची 1997 मध्ये एक आंतरराष्ट्रीय संघटना झाली. तुमच्या ब्रिटनमधलं फेअरट्रेड फाउंडेशन 1992 चं. ऑक्सफॅम, ख्रिश्चन एड, कॅफॉड, ट्रेडक्राफ्ट अशा संस्थांनी मिळून ते उभं केलं आणि 1994 मध्ये त्याच्या फेअर ट्रेड चिन्हाचा पहिला माल दुकानात आला. या चिन्हामागं दोन गोष्टी असतात. एक, किमान भाव. आपल्या हमीभावासारखाच, फक्त सरकारऐवजी तो खरेदीदाराला बांधलेला असतो. दुसरी, भावावर मिळणारी जादा रक्कम, म्हणजे प्रीमियम. ती कशावर खर्च करायची हे उत्पादकांची सभा ठरवते. कुठं विहीर होते, कुठं वर्गखोली, कुठं कॉफी वाळवायचा ओटा.

किमान भावाची किंमत बाजार पडतो तेव्हा कळते. 2001 मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिका जातीची कॉफी पौंडभर वजनाला 50 सेंटच्याही खाली गेली होती. तेव्हा फेअर ट्रेडचा भाव प्रीमियम धरून 1 डॉलर 26 सेंट होता. त्या वर्षी मध्य अमेरिकेत लोक मळे सोडून शहराकडं निघाले. ज्यांच्या सहकारी संस्थेचा थोडा तरी माल या भावानं गेला, त्यांना टिकून राहायला आधार मिळाला. 2023 मध्ये धुतलेल्या अरेबिकाचा किमान भाव 1 डॉलर 80 सेंट झाला आणि वर 20 सेंट प्रीमियम. 2025 च्या सुरुवातीला बाजार 4 डॉलरच्या वर गेला, तेव्हा या किमान भावाचा उपयोग नव्हता. म्हणून तो खोटा ठरत नाही. पाऊस नसला म्हणून कुणी छपराची कौलं काढत नाही.

तर चहा-कॉफी-चॉकलेट घेताना ते चिन्ह बघून घेणं हे रोजच्या खर्चातलं काम आहे. ते मंडळाच्या चहापाण्याच्या खर्चातून करा. वर्षभर कार्यक्रमांना चहा लागतोच. काकांना ही जबाबदारी द्या, ते मनापासून करतील. पण याला एक मर्यादा आहे. चिन्ह मिळवायला आधी संघटना लागते, हिशेब लागतात, तपासणीची फी भरावी लागते. ज्यांचं अजून काहीच उभं राहिलेलं नाही, त्यांच्यापर्यंत तुमची चॉकलेटची वडी पोचत नाही. चिन्ह मिळालेल्या संस्थांचाही सगळा माल त्या भावानं जात नाही. पुष्कळदा थोडाच जातो, बाकीचा साध्या बाजारात.

देणगीचं काम नेमकं इथं सुरू होतं. गट बांधणं, वजनकाटा स्वतःचा घेणं, करार वाचायला शिकणं, पहिल्या ग्राहकापर्यंत पोचणं, मोठ्या कंपन्यांना जाब विचारणं. या कामाला बाजार पैसे देत नाही, कारण त्यात नफा नाही.

तुमच्या यजमानांनी ट्रेडक्राफ्टचं नाव घेतलं ते बरं झालं, कारण त्याच उदाहरणात हा फरक स्वच्छ दिसतो. इंग्लंडच्या ईशान्येला, 1979 मध्ये सुरू झालेल्या ट्रेडक्राफ्टची पुढं दोन अंगं झाली. एक माल विकणारी कंपनी, दुसरी धर्मादाय संस्था. चर्चमध्ये टेबल मांडून चहा आणि हस्तकलेच्या वस्तू विकणारे हजारो स्वयंसेवक हा कंपनीचा कणा होता. सुपरमार्केटमध्येच फेअर ट्रेडचा माल मिळू लागला, दुकानदारी ऑनलाइन गेली, खर्च वाढले आणि जानेवारी 2023 मध्ये कंपनी बंद पडली. हे दुःखदच आहे. तिच्यावर अवलंबून असलेल्या कारागिरांना त्याचा फटका बसला. पण धर्मादाय संस्था बंद पडली नाही. ती 2022 पासून ‘ट्रान्सफॉर्म ट्रेड’ या नावानं दक्षिण आशिया आणि पूर्व आफ्रिकेत काम करते. याच संस्थेनं जुन्या नावानं 2018 मध्ये ‘माझा चहा कुणी खुडला?’ ही मोहीम चालवली होती. ब्रिटनमधल्या मोठ्या चहा कंपन्यांनी आसामातल्या कुठल्या मळ्यांतून चहा घेतात ते जाहीर करावं, एवढीच मागणी. ग्राहकांनी पत्रं लिहिली आणि एकेक करून कंपन्यांनी मळ्यांच्या याद्या प्रसिद्ध केल्या. यादीनं मजुरी वाढत नाही, हे खरं. पण मळ्यावरच्या घरांना गळकं छप्पर आहे, शौचालय नाही, हे कुणाच्या दारात जाऊन सांगायचं ते कळतं. चहाचं पाकीट विकत घेऊन हे काम झालं नसतं.

तुमच्या मुलीचा मुद्दा मात्र गंभीर आहे आणि तिला मोठ्या माणसासारखं उत्तर द्यायला हवं. तिनं वाचलेलं संशोधन बहुधा लंडनच्या सोआस विद्यापीठाच्या अभ्यासकांचं, 2014 चं असावं. इथिओपिया आणि युगांडात कॉफी, चहा आणि फुलांच्या पट्ट्यांत त्यांनी मजुरांची पाहणी केली. फेअर ट्रेड चिन्ह असलेल्या संस्थांच्या परिसरात शेतमजुरांची मजुरी आणि कामाची स्थिती इतर ठिकाणांपेक्षा चांगली नव्हती, काही बाबतींत वाईट होती, असं त्यांना आढळलं. फेअर ट्रेडच्या बाजूनं पद्धतीवर आक्षेप घेतले गेले, पण मूळ मुद्दा मला पटतो. छोट्या शेतकऱ्याच्या रानातही वेचणीला दुसरं कुणीतरी येतं. बहुतेक वेळा ती बाई असते, भूमिहीन असते आणि सहकारी संस्थेची सभासद नसते. सभेत विहीर मंजूर होते तेव्हा तिला कुणी विचारत नाही. महाराष्ट्रात सहकार बघितलेल्या आपल्या लोकांना हे नवं नाही. कारखाना सभासदांचा झाला म्हणून ऊसतोड कामगाराचे दिवस पालटले नाहीत.

पण यावरून ‘मग देऊच नका’ असा निष्कर्ष निघत नाही. कुठल्या संस्थेला द्यायचं ते निवडायचा एक कस आपल्या हाती येतो, इतकंच. मुलीला विरोधी पक्षात बसवू नका. संस्थांना पाठवायचे प्रश्न तिलाच लिहू द्या. तुमच्या यादीतल्या दोन-तीन संस्थांना तिनं विचारावं : तुमच्या कामात मजुरांची, विशेषतः बायकांची, जागा कुठं आहे? निर्णय घेणाऱ्या समितीत उत्पादक किती आणि ते निवडून येतात की नेमले जातात? तुम्ही तिथून निघून गेलात तर काय चालू राहील? ज्या संस्थेकडून सरळ उत्तर येईल, अगदी ‘इथं आम्ही कमी पडतो’ असं आलं तरी, ती चांगली. फक्त हसऱ्या मुलांचे फोटो आले तर पुढच्या नावाकडं वळा.

‘शंभरातले किती पौंड शेतकऱ्याच्या हातात जातात’ हा प्रश्न कार्यकारिणीत नक्की येईल. या प्रकारच्या कामासाठी तो चुकीचा आहे, असं मी ठामपणे सांगेन. इथं पैसा वाटायचा नसतो. गट बांधणारी कार्यकर्ती, हिशेब शिकवणारा, करार तपासणारा वकील यांचा पगार हाच त्या कामाचा खर्च असतो. त्याऐवजी धर्मादाय संस्थांवर देखरेख करणाऱ्या चॅरिटी कमिशनच्या नोंदवहीत संस्थेचं नाव शोधा. तिथं वार्षिक अहवाल आणि जमाखर्च कुणालाही बघता येतात. तुम्ही खजिनदार आहात, तुम्हाला ते वाचायला तासभर पुरेल. सलग काही वर्षं तूट आहे का, सगळा पैसा एकाच सरकारी अनुदानातून येतो का, मागच्या वर्षी जे करू म्हटलं होतं त्याचं पुढं काय झालं, एवढं पाहा.

घाना या शब्दावरून तुम्हाला चिडवतात, म्हणून त्यांना कुआपा कोकू या संस्थेबद्दल सांगा. घानात सरकारनं कोकोची अंतर्गत खरेदी खाजगी व्यापाऱ्यांना खुली केली, तेव्हा 1993 मध्ये काही शेतकऱ्यांनी एकत्र येऊन स्वतःची खरेदी संस्था काढली. त्यांची पहिली तक्रार कुठली होती? काटा मारण्याची! कोको मोजताना वजनात फसवणूक व्हायची. म्हणून त्यांनी गावोगाव आपल्यातलाच माणूस निवडून मोजणीला बसवला. पुढं 1998 मध्ये ब्रिटनमध्ये ‘डिव्हाइन’ या नावाचं चॉकलेट विकणारी कंपनी निघाली आणि तिच्यात हे शेतकरी भागधारक झाले. बी पिकवणारा चॉकलेट कंपनीचा मालक, हे तोवर क्वचितच दिसायचं. 2020 मध्ये त्या कंपनीतला मोठा हिस्सा एका जर्मन कंपनीकडं गेला आणि शेतकऱ्यांचा वाटा बराच घटला. मला त्याचं वाईट वाटतं. तरी स्वतःचा काटा आणि स्वतःचा मोजणारा त्यांनी मिळवला, ते मोठंच काम होतं. उसाच्या काट्यावरून आपल्याकडं अजून आंदोलनं होतात. ग्रुपवर चिडवणाऱ्यांपैकी निम्मे तरी शेतकऱ्यांच्या घरातले असतील. त्यांना घानातला शेतकरी परका वाटणार नाही, कुणीतरी ही गोष्ट त्यांना सांगायला हवी फक्त.

यवतमाळचं काय? ती कळकळ खरी आहे, तिला वाट काढून द्या. तुम्ही जाहीर केलेल्या हेतूत ‘गरीब देशांतले छोटे शेतकरी’ असं आहे, त्यात विदर्भातला कास्तकार बसतो. चेतना ऑरगॅनिक नावाचा उपक्रम 2004 पासून कोरडवाहू कापूस उत्पादकांचे गट बांधतोय, तेलंगण आणि ओडिशाबरोबर विदर्भातही. सेंद्रिय आणि फेअर ट्रेड कापसाच्या क्षेत्रात हे नाव जाणकारांना माहीत आहे. अशा एखाद्या संस्थेला लिहा, एफसीआरए नोंदणी चालू आहे का ते कागदानिशी विचारा आणि काम कुठल्या तालुक्यात आहे तेही. यवतमाळच्या गृहस्थांना हा पत्रव्यवहार सोपवा. नोंदणी नसेल तर ब्रिटनमध्येच नोंदलेल्या, भारतातल्या छोट्या उत्पादकांसाठी कार्यक्रम असलेल्या संस्थेला द्या आणि सोबतच्या पत्रात ‘ही रक्कम भारतातल्या कामासाठी’ असं स्पष्ट लिहा. संस्थेनं ती अट मान्य करून स्वीकारली की त्या कामाबाहेर वापरायला तिला मोकळीक राहत नाही. आणखी एक. ज्यांच्याकडं अजून भारतीय पासपोर्ट आहे, त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत भारतातल्या संस्थेला दिलेली देणगी परदेशी धरली जात नाही. ब्रिटिश पासपोर्ट घेऊन ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्डावर असलेल्यांची मात्र धरली जाते. ग्रुपवर हे टाका, बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

हस्तकलेत रस असलेल्या मैत्रिणींसाठी मुंबईची दोन नावं सांगते. आशा हँडिक्राफ्ट्स 1975 पासून कारागिरांना बाजार मिळवून देते. अंधेरीच्या वस्त्यांमधल्या बायकांबरोबर 1984 मध्ये एका स्पॅनिश सिस्टरनी सुरू केलेली क्रिएटिव्ह हँडिक्राफ्ट्स कपडे आणि भेटवस्तू बनवते. हस्तकलेत एकेका वस्तूला चिन्ह लावणं अवघड असतं, म्हणून तिथं जागतिक फेअर ट्रेड संघटना अख्ख्या संस्थेची तपासणी करते. पुढच्या वर्षी हळदीकुंकवाचं वाण अशा ठिकाणाहून मागवता येईल. अर्थात तेही खर्चाच्या खात्यातून, या 1,840 मधून नाही.

मंडळाची जुनी शिल्लक बँकेत नुसती पडून असेल, तर आणखी एक मार्ग आहे आणि तो मला फार आवडतो. न्यूकॅसलची शेअर्ड इंटरेस्ट ही सभासदांच्या मालकीची संस्था 1990 पासून फेअर ट्रेड उत्पादकांना आणि त्यांच्याकडून माल घेणाऱ्यांना कर्ज देते. 100 पौंडांपासून भाग भांडवल ठेवता येतं, संस्थांनाही सभासद होता येतं. उत्पादकांच्या सहकारी संस्थेला हंगामाच्या तोंडावर रोख लागते. भाव चढतो तेव्हा तर जास्तच, कारण शेतकऱ्याला जागेवर पैसे देता आले नाहीत तर माल दलालाकडं जातो. 2024 मध्ये कोको टनाला 12,000 डॉलरच्या वर चढला, तेव्हा त्याच कोकोच्या खरेदीला सहकारी संस्थांना जास्त रोख लागली. अशा वेळी वेळेवर मिळालेलं कर्ज देणगीपेक्षा उपयोगी पडतं आणि मंडळाचे पैसे मंडळाचेच राहतात. पण व्याज कमी असतं आणि बँकेतल्या ठेवीला जे सरकारी संरक्षण असतं ते या भांडवलाला नाही. त्यामुळं हा निर्णय कार्यकारिणीनं परस्पर घेऊ नये, वार्षिक सभेत मांडावा. दिवाळीत जमलेली रक्कम यात घालू नका. ती देण्यासाठी जमवली होती, ठेवण्यासाठी नाही.

पुढच्या दिवाळीसाठी एक हिशेबाची गोष्ट. ब्रिटनमध्ये कर भरणाऱ्यानं नोंदणीकृत संस्थेला स्वतःच्या नावानं देणगी देऊन गिफ्ट एडचा फॉर्म भरला, तर प्रत्येक पौंडामागं 25 पेनी सरकार संस्थेला देतं. मंडळानं पेटीत निनावी गोळा करून दिलेल्या पैशांवर ते मिळत नाही आणि फराळाच्या विक्रीवर तर नाहीच. पेटीशेजारी संस्थेची गिफ्ट एडची पाकिटं ठेवा. लोक तेवढेच देतील, पोचेल जास्त.

आता ठराव. रक्कम एकाच संस्थेला द्या. तुकडे केले तर कुणीच समाधानी होत नाही आणि पाठपुरावाही होत नाही. मुलीनं उत्तरं गोळा केली, यवतमाळच्या गृहस्थांनी एफसीआरएचं बघितलं, की दोन नावं कार्यकारिणीपुढं ठेवा आणि मतदान घ्या. हरलेल्या बाजूच्या एकाला संस्थेशी वर्षभर संपर्क ठेवायचं काम द्या आणि पुढच्या दिवाळीत स्टेजवरून त्यालाच सांगू द्या की पैशांचं काय झालं. जानेवारी संपायच्या आत रक्कम पाठवून टाका, पावती स्कॅन करून ग्रुपवर टाका. चिडवणाऱ्यांना वेगळं उत्तर द्यायची गरज नाही.

तुमची,
सल्लागार ताई